जोड्या लावा: आपला डेस्कटॉप स्वतः बांधताना भाग कसे निवडायचे

मी बांधलेला पहिला कॉम्प्युटर पाच महिने झाकणाशिवाय चालला. प्रोसेसर चांगला होता, ग्राफिक्स कार्ड चांगलं होतं, कूलर तर अख्ख्या यादीत देखणा. पण कूलरची उंची १६५ मिलिमीटर आणि कॅबिनेटमधली जागा १६० मिलिमीटर. दोन्ही आकडे आपापल्या माहितीपत्रकात ठळक छापलेले होते. मी ते पाहिलेच नाहीत, कारण त्या दिवसांत मी फक्त गिगाहर्ट्‌झ वाचायचो.

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत 'जोड्या लावा' असा एक प्रश्न असायचा. डेस्कटॉपचे भाग निवडणं म्हणजे तोच प्रश्न, जरा लांबलेला. एखादा भाग सुटा किती भारी आहे हे नंतर बघा, आधी तो कुणाशी जुळतो ते बघा. प्रोसेसर सॉकेटशी, रॅम मदरबोर्डशी (सगळे भाग जिथे जोडले जातात तो बोर्ड), कार्ड एसएमपीएसशी (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), कूलर कॅबिनेटशी, आणि सगळं मिळून तुमच्या कामाशी. एक जोडी चुकली तरी बाकीच्या बरोबर लावलेल्या जोड्या त्या चुकीपायी अडून बसतात. म्हणून खाली भाग जोडीजोडीनेच घेतले आहेत.

काम आणि यंत्र

आधी एक कागद घ्या. त्यावर 'फास्ट पाहिजे' असं लिहू नका, ते काम नव्हे. कोणतं सॉफ्टवेअर, किती मोठ्या फायली, एका वेळी किती गोष्टी उघड्या, मॉनिटर कोणता, हे लिहा.

हाताशी जुना कॉम्प्युटर असेल तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा सरळ त्यालाच विचारा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तो उघडा ठेवून तुमचं नेहमीचं, सगळ्यात रडवणारं काम करा आणि परफॉर्मन्सच्या पानावर काय भरतंय ते बघा. रॅम काठोकाठ भरून डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांवर गेला असेल, तर नव्या प्रोसेसरचा काही उपयोग नाही, दुखणं रॅमचं आहे. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा. एकच चौकट भरलेली आणि बाकी झोपलेल्या दिसल्या, तर तुमचं सॉफ्टवेअर मुख्यतः एका कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच काम करणाऱ्या भागावर, चालतंय. अशा कामाला सोळा कोअर घेतले तर पंधरा बघे होतील. ऑटोकॅडमधलं रोजचं ड्रॉइंग बरंचसं या प्रकारात मोडतं, तिथे एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. उलट ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग, म्हणजे दृश्याचं अंतिम चित्र तयार करणं, मिळतील तेवढे कोअर खातं, आणि ते ग्राफिक्स कार्डावर टाकलं तर कार्डच सगळं ओढतं.

मॉनिटरचा निर्णय लोक शेवटी घेतात. तो पहिल्या कागदावर हवा, विशेषतः गेमसाठी. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि ४के पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला तेवढं रंगकाम ग्राफिक्स कार्ड करतं. त्यामुळे ४केवर भार कार्डावर येतो आणि मधल्या दर्जाचा प्रोसेसरही पुरतो. लहान पडद्यावर सेकंदाला २०० फ्रेम हव्या असतील तर मात्र प्रोसेसर धापा टाकतो. तेव्हा 'या प्रोसेसरला हे कार्ड चालेल का' या प्रश्नाला पडदा माहीत नसताना उत्तर नसतं.

पैशांची वाटणी कशी करायची? माझा ठोकताळा असा: गेम किंवा थ्रीडीचं काम असेल तर एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा ते निम्मा कार्डाला. ऑफिसचं काम, कोडिंग, अभ्यास असेल तर वेगळं कार्ड नकोच. ते पैसे रॅम, एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क) आणि डोळ्यांना बरा वाटेल अशा मॉनिटरवर घाला.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

या दोन वस्तू असल्या तरी खरेदी एकच समजा. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट, आणि सॉकेट जुळलं नाही तर पुढचं बोलणंच खुंटतं.

एएमडीचं एएम४ हे जुनं सॉकेट डीडीआर४ रॅमवर चालतं. २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आलेलं एएम५ फक्त डीडीआर५ घेतं. इंटेलचं एलजीए १७०० हे बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं. त्यावर काही बोर्ड डीडीआर४ चे आहेत, काही डीडीआर५ चे, म्हणून बोर्डचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय रॅम घेऊ नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेला एलजीए १८५१ लागतं आणि तिथे डीडीआर५ शिवाय पर्याय नाही.

सॉकेट निवडताना पुढचाही विचार करा. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे तीन-चार वर्षांनी तोच बोर्ड ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येण्याची आशा आहे. इंटेलची सॉकेट तुलनेने लवकर बदलत आली आहेत. पण जो माणूस सहा वर्षं काहीच बदलत नाही, आणि बहुतेक लोक असेच असतात, त्याने या मुद्द्याला फार भाव देऊ नये.

प्रोसेसरच्या नावाच्या शेपटीतली अक्षरं फसवतात. इंटेलमध्ये 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) खुलं आणि 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. एफवाला प्रोसेसर घेऊन वेगळं कार्ड न घेतल्यास पडद्यावर काहीच दिसणार नाही. रायझनमध्ये एएम४ वर आतलं ग्राफिक्स हवं असेल तर 'जी' लागतो. एएम५ च्या ७००० मालिकेत बहुतेकांना छोटं ग्राफिक्स मुळातच आहे, ७५०० एफसारखे एफवाले सोडून. 'एक्स३डी' म्हणजे प्रोसेसरवर कॅशचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अतिवेगवान मेमरीचा, आणखी एक थर चढवलेला. ७८०० एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे. गेममध्ये त्याचा फरक ठळक जाणवतो, रेंडरिंग किंवा एक्सेलमध्ये जवळजवळ नाही.

एफच्या बाबतीत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी प्रकारचं, म्हणजे रंगांची जास्त माहिती दाबून साठवलेलं, चित्रण करतात. ते टाइमलाइनवर सरळ चालवण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ती आरटीएक्स ५० मालिका येईपर्यंत नव्हती. थोडे पैसे वाचवायला एफ घेतला की नेमकी हीच सोय हातची जाते.

आता वॅटचा आकडा. खोक्यावर ६५ वॅट लिहिलं म्हणजे प्रोसेसर ६५ वॅटच घेणार असं नाही. एएम५ वरचा ६५ वॅटचा रायझन ५ ७६०० प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो. इंटेलच्या आय९ १४९०० के वर १२५ वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लावला की त्याची अधिकृत मर्यादा २५३ वॅट आहे. कूलर, एसएमपीएस आणि बोर्ड, तिघांचा हिशोब या वरच्या आकड्यावर करायचा.

बोर्ड इथे कामाला येतो. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जे व्हीआरएम असतात, ते एसएमपीएसच्या १२ व्होल्टचा प्रोसेसरला लागणारा साधारण एक-सव्वा व्होल्ट करून देतात. स्वस्त बोर्डवर ते मोजके आणि उघडे असतात, उष्णता शोषणारं हीटसिंक नसतं. अशा बोर्डवर तगडा प्रोसेसर लावला तर रेंडरिंग सुरू झाल्यावर काही मिनिटांत व्हीआरएम तापतात आणि प्रोसेसरचा वेग मुकाट्याने उतरवला जातो. तुम्ही प्रोसेसरला दोष देत राहता. म्हणून बोर्डच्या फोटोत सॉकेटच्या बाजूला धातूचे ठोकळे आहेत का, एवढं तरी बघाच.

चिपसेटचं, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचं, थोडक्यात: एएम५ वर बी६५० बहुतेकांना पुरतो आणि त्यावर ओव्हरक्लॉकिंगही होतं. इंटेलमध्ये बी७६० वर के प्रोसेसर चालतो, पण त्याचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही, त्याला झेड७९० लागतो. ओव्हरक्लॉकिंग करणार नसाल, आणि खरं सांगायचं तर आज त्यातून फारसं हाती लागत नाही, तर झेडचा खर्च टाळा.

सॉकेट जुळलं तरी आणखी एक अट उरते, बायॉसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या बोर्डमधल्या सॉफ्टवेअरची. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा तुमचा प्रोसेसर बाजारात आलाच नसेल, तर बोर्ड त्याला ओळखत नाही आणि पडदा काळाच राहतो. बोर्डच्या मागच्या बाजूला 'बायॉस फ्लॅशबॅक'चं बटण असेल तर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायॉस नवं करता येतं. दोन सारख्या बोर्डांत निवड अडली तर मी हे बटण असलेला घेतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी तर बायॉस नवं करणं ही पहिल्या दिवसाची पहिली गोष्ट. त्यातल्या अनेकांना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. त्यावर इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे बायॉसमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या आणि त्या मालिकांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुना वापरलेला प्रोसेसर घेत असाल तर तो आधी कोणत्या बायॉसवर चालला होता ते विचारा.

आणि बोर्डच्या मागचे पोर्ट मोजा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, वेबकॅम, मायक्रोफोन एवढ्यातच पाच यूएसबी संपतात.

रॅम आणि बोर्ड

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पट्टीवर २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसेल असं वाटत असेल तर थांबा, ती चुकीची पट्टी आहे.

किती घ्यावी? साध्या कामाला १६ जीबी, गेम किंवा एडिटिंगला ३२. त्यापुढचं उत्तर तुमच्या टास्क मॅनेजरने दिलंच आहे. मात्र जेवढी घ्याल ती दोन पट्ट्यांत घ्या. प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते असतात, एकच पट्टी लावली तर एक रस्ता ओस पडतो. आतल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या यंत्रात हा तोटा डोळ्यांना दिसतो. चार पट्ट्यांचा मोहही टाळा. रायझन ७००० ला दोन डीडीआर५ पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार लावल्या तर ३६००. 'आत्ता दोन घेऊ, पुढे दोन टाकू' हा डीडीआर४ च्या काळातला शहाणपणा डीडीआर५ मध्ये महागात पडतो.

वेग वाचताना दोन आकडे एकत्र बघा. पुढचा आकडा मोठा म्हणजे रॅम चपळ असं नव्हे, सोबतचा सीएल म्हणजे उत्तर द्यायला लागणारा विलंब. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४ ३२०० सीएल १६ घ्या, १० येतात. डीडीआर५ ६००० सीएल ३० घ्या, तेही १०. डीडीआर५ ५२०० सीएल ४० मात्र १५ च्या वर जाते. एएम५ साठी ६००० सीएल ३० ही जोडी बसवा आणि विषय सोडून द्या.

हा वेग आपोआप मिळत नाही, हे किती जणांना माहीतच नसतं. डीडीआर५ रॅम मुळात सावकाश, साधारण ४८०० च्या आसपास सुरू होते. बायॉसमध्ये जाऊन एक्सपो (एएमडी) किंवा एक्सएमपी (इंटेल) ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू केली की मगच खोक्यावरचा वेग लागतो. आणि एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहतो, कारण बोर्ड रॅमची चाचपणी करत असतो. घाबरून बटण दाबू नका. चहा करून या.

ग्राफिक्स कार्ड आणि पडदा

पडदा ठरलेला आहे, सॉफ्टवेअर ठरलेलं आहे, तर कार्ड जवळपास ठरलंच. तरी दोन गोष्टी तपासा.

पहिली, कार्डावरची मेमरी. ती नंतर वाढवता येत नाही. १०८० च्या पडद्यावर ८ जीबी अजून चालून जाते, पण त्यापुढच्या पडद्यावर गेमचे टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) वर नेले की ती अपुरी पडते. अपुरी पडली म्हणजे वेग थोडा कमी होत नाही, खेळ गचके खायला लागतो. ब्लेंडरचं दृश्य किंवा आपल्याच यंत्रावर चालवायचं भाषा-मॉडेल कार्डाच्या मेमरीत मावलं पाहिजे, तिथे वेगवान ८ जीबीपेक्षा सावकाश १६ जीबी बरी. शिवाय तुमचं सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कूडा या प्रणालीवरच चालत असेल तर कंपनीचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी गोष्ट जुन्या बोर्डवर नवं कार्ड लावणाऱ्यांसाठी. स्लॉट लांबीने पूर्ण असला तरी सगळी कार्डं त्याच्या सोळाही वाहिन्या वापरत नाहीत. आरटीएक्स ४०६० आठ वापरतं, आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच. पीसीआयई (या स्लॉटचं मानक) ४.० च्या बोर्डवर हे भागतं. ३.० च्या जुन्या बोर्डवर प्रत्येक वाहिनीचा वेग निम्मा होतो, आणि चार वाहिन्यांच्या, ४ जीबीच्या कार्डाची मग पंचाईत होते.

मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डला नाही. हसू नका, 'नवं कार्ड चालत नाही' म्हणून मला आलेल्या फोनांपैकी निम्म्यांचं उत्तर हेच होतं. आणि १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतलात तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर अडकलेला नाही ना, तेही बघा.

एसएमपीएस: ज्याचा फोटो कुणी काढत नाही

सगळ्यात जास्त काटकसर होते ती इथे, आणि सगळ्यात महाग पडते तीही इथेच. बाकी कोणताही भाग बिघडला तर एकटा जातो, एसएमपीएस जाताना सोबत घेऊन जाऊ शकतो.

आधी हिशोब. रायझन ५ ७६०० चे ८८ वॅट, आरटीएक्स ४०७० चे २००, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून साधारण ६०. झाले ३४८. मग एसएमपीएस ६५० वॅटचा कशाला? कारण कार्ड सरासरी २०० वॅट घेत असलं तरी सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरती त्याहून खूप मोठी उडी मारतं. जुन्या धाटणीचा एसएमपीएस ती उडी बिघाड समजून सगळं बंद करतो, आणि तुम्हाला दिसतं ते एवढंच की गेम ऐन रंगात आला की यंत्र फट्‌कन विझतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अशा उड्यांची सोय धरली आहे: क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलता आला पाहिजे. नवा घेताना त्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलं बघा. आय९ १४९०० के आणि ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० असेल तर बेरीजच ७६० च्या पुढे जाते, तिथे १००० वॅट घ्या.

मोठा एसएमपीएस घेतला तर वीजबिल वाढेल ही भीती खोटी. ७५० वॅट ही देण्याची क्षमता झाली, यंत्र मागेल तेवढंच तो देतो. बिल ठरवते ती कार्यक्षमता. '८० प्लस गोल्ड'चा शिक्का असेल तर निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के, म्हणजे आत ३५० वॅट पोचवायला भिंतीतून साधारण ३९० घेतले जातात आणि उरलेल्यांची उष्णता होते. पण लक्षात घ्या, हा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. आतले कपॅसिटर कसे, शॉर्टसर्किट झाल्यास संरक्षण कसं, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

त्यासाठी एसएमपीएसच्या बाजूचा स्टिकर वाचायला शिका. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात १२ व्होल्टवर. ६५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ५४ अँपिअर दिसतील. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८, जवळपास सगळी ताकद योग्य जागी. खोक्यावर ६५० छापून १२ व्होल्टखाली ३८ अँपिअर असतील, तर तो खरा ४५६ वॅटचाच. हा गुणाकार करायला दहा सेकंद लागतात.

वायरींचा हिशोबही तिथेच करून टाका. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५, ८ पिनांच्या वायरीतून १५०. नव्या मोठ्या कार्डांना १६ पिनांचं जोडणं लागतं, जे ६०० वॅटपर्यंत जातं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर हीच जोडणी वितळल्याचे फोटो आले होते. प्लग पूर्ण आत न जाणं हे त्यामागचं एक मुख्य कारण निघालं. पुढे जोडणीची रचना सुधारली, तरी सवय हीच ठेवा: प्लग कट्‌ आवाज होईपर्यंत दाबायचा, फट दिसत नाही ना ते टॉर्च लावून बघायचं, आणि प्लगच्या अगदी तोंडाशी वायर मुडपायची नाही.

आता माझी दुसरी चूक. मॉड्युलर एसएमपीएस, म्हणजे ज्याच्या वायरी दोन्ही टोकांनी सुटतात, असा नवा घेतला होता. जुन्याच्या वायरी छान बांधून ठेवलेल्या होत्या, प्लग तंतोतंत बसत होते, म्हटलं वायरी कशाला बदला. बटण दाबलं, दोन हार्ड डिस्क गेल्या, आणि एकीतला बॅकअप दुसरीत होता. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कोणत्याही मानकाने ठरवलेली नाही. आकार तोच असला तरी ५ व्होल्टच्या जागी १२ येऊ शकतात. एसएमपीएस बदलला की वायरी त्याच्याबरोबर बदलायच्या, कंपनी एकच असली तरी.

एसएसडी

इथे थोडक्यात आवरतो, कारण आजच्या बहुतेक एसएसडी चांगल्या आहेत. एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नव्हे. त्याच आकारात साटा या जुन्या जोडणीची एसएसडीही मिळते आणि ती सेकंदाला ५५० एमबीच्या वर जात नाही. एनव्हीएमई लिहिलेली घ्या. पीसीआयई ३.० वर ती साधारण ३५००, ४.० वर ७००० पर्यंत जाते. ५.० ची त्याहून वेगवान आणि बरीच गरम, पण विंडोज उघडताना किंवा गेम सुरू होताना तिचा फरक घड्याळ लावूनही सापडत नाही.

आकड्यापेक्षा टीएलसी (एका पेशीत तीन बिट) की क्यूएलसी (चार बिट) ते बघा. क्यूएलसी मोठी फाइल लिहिताना सुरुवातीला पळते आणि आतला वेगवान कोपरा भरला की हार्ड डिस्कसारखी रांगते. साठवणीला ठीक, एडिटिंगला नाही. बोर्डच्या पुस्तिकेत एम.२ स्लॉटची टीपही वाचा: काही बोर्डांवर दुसरा स्लॉट वापरला की दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि माणूस हार्ड डिस्क मेली म्हणून रडत बसतो.

कूलर आणि कॅबिनेट

तर परत माझ्या उघड्या झाकणाकडे. तीन मापं कागदावर हवीत. कूलरची उंची कॅबिनेटच्या मर्यादेपेक्षा कमी. कार्डाची लांबी, तीही पुढच्या पंख्यांचा विचार करून: कॅबिनेटवर ३६० मिलिमीटर लिहिलेलं असेल आणि पुढे पाण्याच्या कूलरचा २७ मिलिमीटरचा रेडिएटर व २५ मिलिमीटरचे पंखे बसवले, तर उरतात ३०८. तिसरं माप बोर्डचं: एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट नाही. कूलर रुंद असेल तर त्याखाली रॅमच्या पट्टीवरचा शोभेचा तुरा अडकतो का, हेही बघून घ्या.

६५ वॅटच्या प्रोसेसरसोबत कूलर बहुधा येतो आणि तो चालतो, जरा आवाज करतो एवढंच. इंटेलच्या केवाल्यांसोबत येत नाही. माझ्या मते बहुतेकांना १२० मिलिमीटरच्या पंख्याचा एक उभा एअर कूलर पुरेसा. पाण्याचा कूलर २०० वॅटच्या पुढच्या प्रोसेसरला, किंवा दिसण्यासाठी घ्यायचा. तो घेतलात तर पंप हा सगळ्या वळशातला सर्वात उंच भाग होता कामा नये, कारण हवेचा बुडबुडा वर जाऊन पंपात अडकतो. आणि रायझन ७००० पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत गेला तर तो बिघाड नाही, तशीच त्याची रचना आहे.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची घ्या. समोर अखंड काच असलेली अनेक कॅबिनेटं फोटोत सुंदर दिसतात आणि आत पंखे गुदमरतात. हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. पुढे दोन, मागे एक पंखा पुरतो, दिव्यांचे सात पंखे लागत नाहीत.

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी

सगळे भाग थोड्याच दिवसांच्या आत घ्या. सेलची वाट बघत चार महिन्यांत एकेक जमवलं, तर पहिल्या भागातला दोष कळेपर्यंत त्याची परत करायची मुदत संपलेली असते.

बोर्ड आला की तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर आडवा ठेवा. सॉकेटमधल्या बारीक पिनांना हात लावू नका. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डवर असतात आणि एक वाकली तरी बोर्ड हातचा जातो. वरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड परत करायची वेळ आली तर ते मागितलं जातं. प्रोसेसर बसवा, मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावा, कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी सोला (हो, विसरतात), रॅमची एकच पट्टी प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर लावा. कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण ती इथे बसत नाही आणि बसवायचीही नाही. मग बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला, बायॉस दिसलं, की अर्धं काम झालं. नाही दिसलं तर बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे शोधा: सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोजची डिस्क). ज्याचा दिवा पेटून राहिला त्याच्याकडे बघायचं. कॅबिनेटमध्ये सगळं आवळून बसवल्यावर हाच शोध घेणं म्हणजे शिवलेला सदरा उसवणं.

आत बसवताना बोर्डखालचे पितळी टेकू बोर्डच्या भोकांशी जुळवून घ्या. जास्तीचा एखादा टेकू भलत्या जागी राहिला तर मागून शॉर्टसर्किट होतं.

विंडोज टाकायच्या आधी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या सगळ्या प्रोसेसरांत आहेच, पण बायॉसमध्ये चालू आहे ना ते बघा. पहिला आठवडा यंत्राला मुद्दाम राबवा: मोठं रेंडरिंग, लांब गेम, मोठ्या फायलींची कॉपी. बिघडायचं असेल ते परत करायच्या मुदतीतच बिघडू दे. तोवर खोकी फेकू नका. आणि कूलरच्या खोक्यात उरलेल्या पट्ट्यांची आणि स्क्रूंची जी पिशवी असते, ती तर कधीच फेकू नका. त्या पट्ट्या दुसऱ्या सॉकेटच्या असतात, पुढच्या प्रोसेसरच्या वेळी हाच कूलर त्यांच्यावर बसू शकतो.